मान माणसाला, गोष्ट ओसरीवर

१९०९ साली बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी डॉक्टर, ओढ वनस्पतिशास्त्राची. भारतीय औषधी वनस्पतींवर त्यांनी आणि बामनदास बसू यांनी मिळून केलेला ग्रंथ १९१८ मध्ये, म्हणजे कीर्तिकरांच्या निधनानंतर बाहेर पडला. झाडपाल्याचा अभ्यास करणारे अजूनही तो उघडतात. साहित्याच्या मांडवात एका शास्त्रज्ञाला मधोमध बसवायला तेव्हाच्या बडोद्याला काही अवघड गेलं नाही.

त्याच वर्षी तिकडे मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला मात्र त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. बाकी जगाचं वाचनवर्ष डिसेंबरात संपतं. ‘या वर्षीची उत्तम पुस्तकं’ अशा याद्या तेव्हा निघतात आणि विज्ञानकथा, अद्भुतकथा यांच्या वेगळ्या याद्या असतात. आपलं गोष्टींचं वर्ष दिवाळीला संपतं, किंवा सुरू होतं म्हणा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अजूनही अंक एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात आणि शिवजयंतीपर्यंत त्यांची पानं सुटी होतात. विज्ञानकथा मराठीत वाढली ती या अंकांत. पण दिवाळी सरल्यावर त्यांतल्या गोष्टींचा हिशेब कोण मांडतं? यंदाची सर्वांत चांगली विज्ञानकथा कोणती, असा प्रश्न मराठीत कोणी जाहीरपणे विचारतं का? विचारत नाही. म्हणून या प्रकाराला मराठीत मान कोण देतं, कधी देतं आणि नेमका कशासाठी देतं, ते एकदा सलग पाहावं म्हटलं.

सुरुवात अर्थात नारळीकरांपासून. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि तिने पुढे विज्ञानकथेची स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची गोष्ट आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर हाती लागतात. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी गोष्ट आपल्या हाताने उतरून काढली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची वाखाणणी केली. परीक्षकांना लेखक कोण हे ठाऊक नव्हतं, त्यांनी फक्त गोष्ट वाचली आणि गोष्टीला बक्षीस दिलं. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, कारण त्यानंतर नारळीकरांच्या वाट्याला जे जे आलं, ते बहुतेक माणसाकडे पाहून आलं.

हे थोडं उघडून सांगायला हवं. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ ही पुस्तकं मराठी वाचकाने पिढ्यान्‌पिढ्या वाचली. १९९६ मध्ये युनेस्कोचं कलिंग पारितोषिक मिळालं, ते विज्ञानाच्या प्रसारासाठी. पद्मविभूषण आणि महाराष्ट्र भूषणही आलं, ते शास्त्रज्ञाला. साहित्य अकादमीने २०१४ मध्ये पुरस्कार दिला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद आलं. प्रकृतीमुळे त्यांना मांडवात येता आलं नाही, भाषण पडद्यावरून ऐकावं लागलं आणि भाषणात बाजू मांडली होती विज्ञानकथेचीच. २० मे २०२५ रोजी ते गेले. नंतरच्या आठवड्यात मी जेवढे श्रद्धांजलीचे लेख वाचले, त्यांतल्या बहुतेकांत त्या जगतापांची हकिकत होती. ‘प्रेषित’ कादंबरी म्हणून कशी आहे, तिचं कुठे जमलं आणि कुठे फसलं, याबद्दल चार ओळी शोधाव्या लागल्या.

साहित्य अकादमी मराठीला १९५५ पासून पुरस्कार देते आहे. त्या यादीत विज्ञानकादंबरी किंवा विज्ञानकथांचा संग्रह एकही नाही. अरुण साधूंची ‘विप्लवा’ ही जाणूनबुजून विज्ञानकादंबरी म्हणून लिहिलेली. साधू २००७ मध्ये नागपूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा जो तो ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’बद्दल बोलत होता. ‘विप्लवा’ची आठवण किती जणांनी काढली?

पण मराठीला अद्भुताचं वावडं आहे, असंही म्हणता येत नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’ला १९६० मध्ये अकादमीचा आणि १९७४ मध्ये ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. म्हातारपण नको म्हणून बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो, ही कल्पना आज कोणी नव्याने सुचवली असती तर तिला विज्ञानकथा म्हणायला काय हरकत होती? ती महाभारतातली, म्हणून ती पौराणिक ठरली आणि चिंतनशीलही. जी. ए. कुलकर्णींचं, म्हणजे जीएंचं, तसंच. ‘काजळमाया’तला ‘विदूषक’ घ्या, नाहीतर ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा घ्या. कुठल्याच नकाशात नसलेले देश, नाव नसलेले राजे, भविष्य सांगणारी माणसं. कुठल्याही दुसऱ्या भाषेत हे अद्भुतकथेच्या फळीवर, अगदी पहिल्या ओळीत बसलं असतं. आपल्याकडे त्याला रूपककथा म्हणतात, नियतिवादी म्हणतात, अस्तित्ववादीसुद्धा म्हणतात. अद्भुतकथा म्हणायला मात्र जीभ कचरते, जणू त्याने जीए लहान होतील.

‘काजळमाया’च्या पुरस्काराची गोष्ट जुन्या वाचकांना माहीत असेल. १९७३ चा अकादमी पुरस्कार त्या संग्रहाला जाहीर झाला. पुस्तक नक्की कोणत्या वर्षी बाहेर आलं, ते नियमात बसतं का, असा वाद कोणीतरी उकरून काढला आणि धारवाडला बसलेल्या या माणसाने पुरस्कार परत करून टाकला, समारंभाला जाण्यायेण्याचा प्रवासखर्चसुद्धा. इकडे बडोद्यातही असा एक मानी माणूस होता. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवणारे गुजराती लेखक सुरेश जोशी यांनी १९८३ चा अकादमी पुरस्कार नाकारला. दोघांच्या कारणांत फरक होता. पण दोघांनीही वास्तवाची सरळ वाट सोडून लिहिलं आणि दोघांनाही शिक्क्याची फारशी मातब्बरी वाटली नाही. मराठीतल्या अद्भुतकथेला मिळालेला सर्वांत मोठा सन्मान असा टपालाने दिल्लीला परत गेला, ही नोंद मला गमतीची वाटते आणि थोडी खंतही वाटते.

जीएंना निदान अभिजनांचं घर मिळालं. नारायण धारपांना तेही नाही. १९२५ चा जन्म, शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचं आणि नावावर शंभराहून अधिक पुस्तकं. भयकथा लिहिल्या तशा विज्ञानकथाही लिहिल्या. ग्रंथालयांत धारपांची पुस्तकं ओळखायची खूण एकच असायची, ती म्हणजे सर्वांत मळलेली पुठ्ठ्याची बांधणी. मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के मारायला जागा उरलेली नसायची. समीक्षेत त्यांच्यासाठी पान नव्हतं. २००८ मध्ये ते गेले. दहा वर्षांनी त्यांच्या एका कथेवरून सुचलेला ‘तुंबाड’ पडद्यावर आला आणि तरुण मंडळी ‘कोण हे धारप’ म्हणून विचारू लागली. २०२४ मध्ये तो चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यांची ‘लुचाई’ बेतलेली आहे स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर. त्या किंगला २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनने साहित्यसेवेचं पदक दिलं, तेव्हा हॅरोल्ड ब्लूम यांच्यासारखा मातब्बर समीक्षक जाहीरपणे संतापला होता. मला ब्लूम यांचा तो संताप हेवा करण्यासारखा वाटतो. धारपांवर आपल्याकडे कोणी रागावण्याइतकंही लक्ष दिलं नाही.

मान मिळण्याचं आणखी एक दार बालसाहित्याचं, आणि ते नेहमी उघडं असतं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. आज राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाच्या एका पुरस्काराला त्यांचं नाव आहे. रत्नाकर मतकरींनी प्रौढांसाठी लिहिलेल्या गूढकथांनी दोन पिढ्यांची झोप उडवली, पण अकादमीचा २०१८ चा सन्मान आला तो बालसाहित्याचा. २०२४ मध्ये भारत सासणे यांना तोच बालसाहित्य पुरस्कार मिळाला, पुस्तकाचं नाव ‘समशेर आणि भूतबंगला’. सासणे २०२२ च्या उदगीर संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या मोठ्यांसाठीच्या कथांतही अद्भुत सतत डोकावतं. भूत चालतं, बंगलाही चालतो, फक्त वाचक अर्ध्या चड्डीतला असायला हवा.

हा निव्वळ माझा तर्क नाही. काही वर्षांपूर्वी एका पुस्तक निवड समितीत मी बसलो होतो. समितीचं नाव सांगत नाही. एक बरी विज्ञानकादंबरी आली होती. आमच्यातले एक ज्येष्ठ ती हातात घेऊन म्हणाले, ‘छान आहे हो, मुलांसाठी ठेवू या.’ त्यांनी ती वाचलेली नव्हती. मुखपृष्ठावर यान पाहिलं होतं. मी हरकत घेतली नाही, हेही इथेच सांगून टाकतो. चहा आला आणि आम्ही पुढच्या गठ्ठ्याकडे वळलो.

आता दुसरी बाजू, कारण सगळा दोष समीक्षकांच्या माथी मारणं बरोबर नाही. मराठी विज्ञानकथेचा मोठा भाग साहित्य म्हणून कच्चा आहे. एक प्राध्यापक असतो, त्याचा एक पुतण्या किंवा पत्रकार मित्र असतो, आणि मधली तीन पानं प्राध्यापक त्याला कृष्णविवर किंवा जनुक समजावून देतो. बायका चहा आणतात. शेवटी पृथ्वी वाचते. स्पर्धेने लेखक घडवले हे खरं, पण स्पर्धेने एक साचाही घडवला. विज्ञान अचूक हवं, शब्दमर्यादा पाळायला हवी आणि जमल्यास काही शिकवण हवी. नारळीकरांचा आग्रह होता की विज्ञान कथेच्या गाभ्याशी हवं, वरून शिंपडलेलं नको. तो आग्रह रास्तच आहे. पण पात्रं पुठ्ठ्याची असली तर गाभा कितीही सच्चा असून काय उपयोग? स्वतः नारळीकरांची पात्रंही पुष्कळदा फळ्यासमोर उभी राहून बोलतात. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, बाळ फोंडके या पिढीने ही अडचण ओळखली. जावडेकरांच्या कथेत माणसाचं मन आधी येतं, यंत्र नंतर. लोंढ्यांच्या ‘दुसरा आइन्स्टाइन’ या कथेला जेम्स गन यांनी १९९८ मध्ये आपल्या जगभरच्या विज्ञानकथांच्या खंडात जागा दिली. फोंडक्यांनी त्याआधीच, १९९३ मध्ये, नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह केला, आणि त्यात मराठीचा वाटा ठसठशीत आहे. म्हणजे बाहेरच्या वाचकाने मराठी विज्ञानकथेला मोजलं. घरच्याने मोजलं नाही.

बाहेर हे कसं चालतं, ते थोडक्यात. ह्यूगो पुरस्कार १९५३ पासून आहे आणि तो ह्यूगो गर्न्सबॅक या मासिकाच्या संपादकाच्या नावाचा आहे. निवड करतात संमेलनाची वर्गणी भरणारे वाचक. नेब्युला पुरस्कार लेखक लेखकांना देतात. ब्रिटनचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षक मंडळ देतं. तीन निवाडे, तिन्हींची नजर निराळी, आणि ते जुळले नाहीत की वाद रंगतात. वाद रंगले की पुस्तकं वाचली जातात. अमिताव घोष यांच्या ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ला १९९७ चा क्लार्क पुरस्कार मिळाला. भारतात त्यांना अकादमीचा पुरस्कार मिळाला तो आधीच्या ‘द शॅडो लाइन्स’साठी. तिकडेही अगदी मोठ्या दारातून आत येणं सोपं नाहीच. २०२४ चा बुकर अवकाशस्थानकावरच्या सहा माणसांच्या एका दिवसाच्या कादंबरीला मिळाला, तेव्हा ही विज्ञानकादंबरी म्हणायची की नाही यावरच शाई सांडली.

मराठीत यांतला एकच निवाडा आहे, परीक्षकांचा. आणि राज्य शासनाच्या पुरस्कारांत कादंबरीला हरी नारायण आपट्यांचं नाव आहे, कथेला दिवाकर कृष्णांचं. नावं मोठी आहेत आणि त्यांचा मी आदरच करतो. पण आपटे म्हणजे ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या एकोणिसाव्या शतकातल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना मागे टाकून मराठीला वास्तवाकडे आणणारा माणूस. त्यांच्या नावाच्या तराजूत यक्ष आणि यानं घालायची, तर काटा कुठे झुकणार ते आधीच ठरलेलं. आपट्यांनी केलं ते त्यांच्या काळाला गरजेचं होतं. आपण मात्र सव्वाशे वर्षं त्याच काट्याने सगळं तोलत बसलो.

दिवाळी अंकांनी हा काटा मानला नाही. अनंत अंतरकरांचा ‘नवल’ तर नावापासूनच अद्भुताला वाहिलेला. ‘धनंजय’ने रहस्य, भय आणि विज्ञान एका मुखपृष्ठाखाली आणलं. ‘किर्लोस्कर’ने नारळीकरांकडून कथा लिहवून घेतल्या. या संपादकांनी जी निवड केली, तीच मराठीतली खरी वार्षिक यादी. फक्त ती यादी म्हणून कधी छापली गेली नाही. अंक रद्दीत गेला की निवडही गेली. एखादी गोष्ट संग्रहात आली तर वाचली, नाहीतर तिचं नाव घेणाराही उरत नाही.

इथे मला पुन्हा बडोद्याकडे यायचं आहे. दादासाहेब फाळके शिकले ते इथल्या कलाभवनात. अद्भुत दाखवायचं तर कारागिरी लागते, हे त्यांनी ‘लंका दहन’मध्ये १९१७ सालीच दाखवून दिलं. सयाजीराव महाराजांनी ग्रंथांसाठी दोन लाखांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून श्री सयाजी साहित्यमाला आणि बालज्ञानमाला उभ्या राहिल्या, मराठीतही आणि गुजरातीतही. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या तक्तपोशीतून खालच्या मजल्यावर उजेड झिरपतो, तो त्याच खटाटोपाचा. शास्त्र आपल्या भाषेत आलं पाहिजे, हा महाराजांचा ध्यास. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या ग्रंथमालांत कल्पनेच्या भरारीला फार जागा नव्हती, हे खरं. उपयोगी ज्ञानावर भर होता. पण पुस्तकं कोणती छापायची, कोणती गावोगाव पोचवायची, याची पद्धत त्यांनी बसवली होती.

२०१८ च्या फेब्रुवारीत, १९३४ नंतर पहिल्यांदा, संमेलन पुन्हा बडोद्यात आलं. मराठी वाङ्मय परिषदेने ते निभावून नेलं. लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. तीन दिवस शहर मराठीमय झालं. त्या गर्दीत पुस्तकांच्या गाळ्यांवरून फिरताना एका कॉलेजच्या मुलीने विक्रेत्याला विचारलेलं मी ऐकलं, ‘काका, मराठीत चांगलं साय-फाय काय आहे?’ काकांनी ‘प्रेषित’ काढून दिली. तिने ती वाचलेली होती. ‘त्यानंतरचं?’ काका थोडा वेळ गाळ्यात शोधत राहिले, मग म्हणाले, ‘हॅरी पॉटर मराठीत आलंय, देऊ का?’

त्या मुलीला यादी हवी होती, पुरस्कार नव्हे. पुरस्काराला निधी लागतो, समिती लागते, मांडव लागतो आणि मग ती सगळी जुनी दारं. यादीला वाचक पुरतात. म्हणून वाचकांना एक विनंती. यंदाच्या दिवाळी अंकांत जी एक विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा तुम्हाला खरोखर भावली असेल, तिचं नाव, लेखकाचं नाव, अंकाचं नाव आणि पान क्रमांक एका चिठ्ठीवर लिहा. का आवडली ते दोन ओळींत लिहा, आणि काय खटकलं तेही एका ओळीत. मुलांसाठी छान आहे, असं मात्र लिहू नका. ती चिठ्ठी अंक रद्दीत घालण्याआधी तुमच्या जवळच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांकडे द्या.